इन्स्टॉलेशनची आयएसओ किती दिवसांनी नवी निघावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतल्या शाळा, वाचनालयं आणि छोट्या दुकानांच्या संगणकांवर लिनक्स घालून देताना तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार, म्हणजे नेहमीची अपडेट मिळणं, संपला, तेव्हापासून तर जास्तच. ‘माझ्याकडे लिनक्सची जुनी पेनड्राइव्ह आहे, ती चालेल ना?’ इथून सुरुवात होते आणि गाडी ‘ही मंडळी दर महिन्याला ताजी आयएसओ का काढत नाहीत?’ इथे येऊन थांबते. (आयएसओ म्हणजे जिच्यावरून सिस्टिम इन्स्टॉल करायची पेनड्राइव्ह बनते ती फाइल.) दोन्हींची उत्तरं खाली आहेत. उदाहरणं बहुतेक डेबियन आणि उबुंटू या वितरणांची (वितरण म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार करून दिलेला प्रकार) आहेत, कारण आमच्याकडे तीच जास्त चालतात.

आयएसओ जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं?

आयएसओ तयार होते त्या दिवशी रेपॉझिटरीत (वितरणाच्या ऑनलाइन कोठारात) जी पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, असतात त्यांतली काही तिच्यात भरली जातात, आणि ती तिथेच थांबते. रेपॉझिटरी मात्र पुढे जात राहते: ब्राउझरला पॅच (दुरुस्ती) येतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलतो, पॅकेजची सही तपासायच्या डिजिटल किल्ल्या बदलतात. या दोघांमधलं अंतर वाढलं की आपण म्हणतो आयएसओ जुनी झाली. फाइल खराब झालेली नसते. पाच वर्षांपूर्वीची आयएसओसुद्धा बहुधा बूट होईल, इन्स्टॉलही होईल; त्रास सुरू होतो तो त्यानंतर.

थेट सांगा, किती दिवसांनी नवी हवी?

स्थिर वितरणासाठी दोन ते तीन महिन्यांनी. अर्च लिनक्ससारख्या सतत बदलणाऱ्या वितरणासाठी महिन्याला एक. आणि इन्स्टॉलरमध्येच किंवा पॅकेज उतरवणाऱ्या यंत्रणेतच भोक सापडलं तर कॅलेंडर बाजूला ठेवून लगेच. स्थिर वितरणाची आयएसओ वर्षभर तशीच पडून असेल तर तो प्रकल्प नव्या माणसाचा विचार करत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या वापरकर्त्याला आयएसओ लागतच नाही. ती लागते पहिल्यांदा येणाऱ्याला.

आमची साधी कसोटी अशी: नवीन इन्स्टॉल केल्यावर पहिल्याच अपडेटला जेवढं उतरवावं लागतं ते मूळ आयएसओच्या आकाराच्या जवळ जायला लागलं, की नवी आयएसओ निघायची वेळ होऊन गेलेली असते.

मोठे प्रकल्प प्रत्यक्षात काय करतात?

डेबियनची नवी मुख्य आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. डेबियन 12 जून 2023 मध्ये आलं, डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये. मधल्या काळात साधारण दोन महिन्यांनी पॉइंट रिलीज (साचलेल्या दुरुस्त्या घेऊन येणारी मधली आवृत्ती) निघतं, म्हणजे 12.1, 12.2 असं, आणि प्रत्येक वेळी नव्या आयएसओ बनतात.

उबुंटूचं दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवं काहीतरी असतं. दीर्घ आधाराच्या आवृत्तीला आधी उन्हाळा संपता संपता .1 येतं आणि मग अंदाजे सहा महिन्यांनी .2, .3 असं .5 पर्यंत. (हा उन्हाळा त्यांच्याकडचा हं. आपल्याकडे तेव्हा चवथीची तयारी चाललेली असते.) मिंट उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर बेतलेलं असल्यामुळे त्याची चालही तशीच.

फेडोराची आवृत्ती सहा महिन्यांनी, आधार साधारण 13 महिने, आणि मधे अधिकृत ताजी आयएसओ नाही. अर्चची महिन्याच्या सुरुवातीला. ओपनसुसे टम्बलवीड तर यंत्राने चाचण्या पार केल्या की नवा स्नॅपशॉट (त्या वेळची अख्खी प्रत) सोडतं, कधी कधी रोजच्या रोज.

इन्स्टॉल झाल्यावर अपडेट मिळतातच. मग ताज्या आयएसओचा हट्ट कशाला?

हा प्रश्न विचारणारा बहुधा पणजीत किंवा मडगावात फायबरवर बसलेला असतो.

वाळपईच्या पुढे एखाद्या शाळेची लॅब डोळ्यांसमोर आणा. नेट म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. पावसाळा असेल तर लाइट कधी जाईल सांगता येत नाही, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. दीड-दोन वर्षं जुन्या आयएसओवरून इन्स्टॉल केलं, की प्रत्येक मशीन काहीशे एमबीची अपडेट मागतं. एका मशीनला ते जमतं. अख्ख्या लॅबला सरांचा डेटा पुरत नाही, आणि अपडेट चालू असताना मधेच लाइट गेली तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) अर्धवट अडकतं. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (dpkg --configure -a) ही आज्ञा चालवत बसायचं.

दुसरी गोष्ट हार्डवेअरची. आयएसओतला कर्नल जुना असेल तर नव्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड दिसत नाही, आणि वायफाय नाही म्हणजे नवा कर्नल उतरवायला नेट नाही. यातून बाहेर पडायला मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करतात. बहुतेक वेळा चालतं. डेबियनने 2022 मध्ये मतदान घेऊन ठरवलं की लागणारं फर्मवेअर (वायफाय कार्डासारखं हार्डवेअर चालायला लागणाऱ्या फाइली) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं. डेबियन 12 पासून ते मिळतं आणि आमची अर्धी डोकेदुखी तिथेच गेली. पण इथे एक फरक ध्यानात ठेवा: डेबियनच्या पॉइंट रिलीजमध्ये कर्नलची मालिका बदलत नाही. डेबियन 12 शेवटपर्यंत 6.1 वरच राहतं. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीत .2 पासूनच्या डेस्कटॉप आयएसओत पुढचा कर्नल येतो. म्हणून लॅपटॉप अगदी नवा असेल तर ‘ताजी आयएसओ घ्या’ एवढं सांगून भागत नाही, कुठल्या प्रकल्पाची ते पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. अर्चची जुनी आयएसओ घेतली की पॅकेजच्या सहीवर भरवसा नसल्याची चूक येते, कारण आयएसओतल्या किल्ल्या मागे पडलेल्या असतात. आधी ‘अर्चलिनक्स-कीरिंग’ हे एकच पॅकेज ताजं करून घ्यायचं, मग बाकीचं.

नेट आहे, आयएसओ ताजी आहे, तरी अपडेट होत नाही. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असं येतं.

यात आयएसओचा काही दोष नाही. मशीनचं घड्याळ बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि एपीटीला (पॅकेज उतरवणाऱ्या प्रोग्रामला) वाटतं की रेपॉझिटरीची फाइल भविष्यातली आहे. एरवी वेळ नेटवरून आपोआप जुळते, पण काही शाळांच्या नेटवर्कवर ती सेवा अडवलेली असते. तारीख हाताने लावा आणि सीआर 2032 सेल बदला. म्हापशाच्या बाजारात घड्याळवाल्याकडेही मिळतो.

मग दर आठवड्याला आयएसओ काढायला काय हरकत आहे? सगळं आपोआपच तर होतं.

बनवणं आपोआप होतं, तपासणं नाही. डेबियनची पॉइंट रिलीज सहसा शनिवारी असतात, आणि त्या दिवशी माणसं बसून आयएसओ खऱ्या मशीनवर आणि व्हर्च्युअल मशीनवर घालून बघतात: जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवर (मशीन सुरू करणाऱ्या दोन व्यवस्था), सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय) चालू ठेवून, डिस्क एन्क्रिप्ट करून, वेगवेगळ्या भाषांत. त्यात आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचे प्रकार, अनेक. हे दर शनिवारी करायला लावलं तर वर्षभरात तपासायला माणूस उरणार नाही.

दोष राहून गेलेली आयएसओ काय करू शकते हे पाहायचं तर उबुंटू 17.10 आठवा. ऑक्टोबर 2017 मध्ये ती आली आणि डिसेंबरमध्ये डाउनलोडचा दुवा काढून घ्यावा लागला. कर्नलमधल्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपांच्या, विशेषतः लेनोवोच्या काही मॉडेलांच्या, बायोसमध्ये बदल जतन होईनासे झाले. काहींवर यूएसबीवरून बूटही होईना. म्हणजे दुरुस्तीची आयएसओ घालायची वाटच बंद! सुधारलेली 17.10.1 जानेवारी 2018 मध्ये आली. बिघडलेलं पॅकेज दुसऱ्या दिवशीच्या अपडेटमध्ये दुरुस्त होतं. पेनड्राइव्हवर गेलेली आयएसओ मात्र परत बोलावता येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात वर्षानुवर्षं फिरत राहते.

रोज किंवा आठवड्याला बनणाऱ्या चाचणी आयएसओ अनेक प्रकल्प देतातही. त्या जरूर वापरून पाहा, स्वतःच्या जादा मशीनवर. शाळेला देऊ नका.

डेबियन 12.3 सापडत नाही. 12.2 नंतर एकदम 12.4?

बरोबर आहे. 9 डिसेंबर 2023 ला 12.3 यायचं होतं. ऐन वेळी कळलं की त्यातल्या 6.1.64 कर्नलमुळे ईएक्सटी4 फाइल सिस्टिमवरचा डेटा बिघडू शकतो. आयएसओ थांबवल्या आणि दुसऱ्या दिवशी, 10 डिसेंबरला, दुरुस्त कर्नलसह 12.4 दिलं. एक आकडा वाया गेला, पण बिघडलेल्या आयएसओ बाहेर पडल्या नाहीत. आमच्या मते प्रकल्प पारखायचा तो अशा दिवशी.

ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आयएसओ कधी काढायची?

जेव्हा अपडेट करण्याची वाटच धोक्याची असते तेव्हा. याचं सर्वांत चांगलं उदाहरण डेबियन 9.7. जानेवारी 2019 मध्ये एपीटीमध्येच दोष सापडला: एचटीटीपीवरून पॅकेज उतरवताना मधे बसलेला माणूस आपला मजकूर घुसवून मशीनवर रूटच्या (मशीनच्या मालकाच्या) हक्काने काहीही चालवू शकत होता. आता पेच बघा. दुरुस्ती मिळवायला एपीटीच वापरायचं, आणि दोष त्यातच. जुन्या वापरकर्त्यांना रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणं) बंद ठेवून अपडेट करण्याची युक्ती सांगितली गेली. पण जो उद्या पहिल्यांदाच इन्स्टॉल करणार आहे त्याने ती सूचना कुठे वाचायची? म्हणून 22 जानेवारीला सूचना निघाली आणि 23 ला 9.7 आलं, ज्यात एपीटीच्या दुरुस्तीशिवाय दुसरं काही नव्हतं. एका पॅकेजसाठी सगळ्या आयएसओ नव्याने बनवल्या.

उलट, ब्राउझरमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये दोष निघाला म्हणून घाईने आयएसओ काढायची गरज नसते. तो पहिल्या अपडेटमध्ये सुरक्षितपणे भरून निघतो.

आणि मुद्दाम उशीर कधी करावा?

आत काय गेलंय याची खात्री नसेल तेव्हा. 29 मार्च 2024 ला एक्सझेड या कॉम्प्रेशन पॅकेजमध्ये कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीला आला. डेबियन 12 मध्ये तो बिघडलेला भाग पोचलाच नव्हता, तरी 6 एप्रिलला ठरलेलं 12.6 पुढे ढकललं गेलं. 12.5 आलं होतं 10 फेब्रुवारीला, 12.6 उजाडलं 29 जूनला. दोन महिन्यांचं अंतर साडेचार महिन्यांवर गेलं. उबुंटू 24.04 चा बीटाही त्याच कारणाने आठवडाभर लांबला. त्या काळात ‘डेबियन झोपलंय का?’ असं विचारणारे आम्हालाही भेटले.

तारीख आधी ठरवावी, की तयार होईल तेव्हा सोडावं?

मुख्य आवृत्तीसाठी दोन्ही पद्धती चालतात. डेबियन ‘तयार झाल्यावर’ या पंथाचं. उबुंटू तारखेचं, पण त्यांचंही 6.04 व्हायचं ते 6.06 झालं, आणि 24.04.1 हे 15 ऑगस्टऐवजी 29 ऑगस्ट 2024 ला आलं.

मधल्या ताज्या आयएसओंसाठी मात्र आम्ही तारखेच्या बाजूचे आहोत. कदंबाची बसफेरी वेळेला सुटते. ज्याचं सामान स्टँडवर पोचलं नाही त्याने पुढची धरायची. पुढची फेरी दोन महिन्यांत आहे हे ठाऊक असलं की कुणी अर्धवट दुरुस्ती घाईने कोंबत नाही. सहा महिने किंवा वर्षभर फेरीच नाही म्हटल्यावर प्रत्येक जण आपलं गाठोडं याच गाडीत घालायला बघतो, आणि चुका तिथे होतात.

चारपाच स्वयंसेवकांवर चालणाऱ्या प्रकल्पाने काय करावं?

त्यांना डेबियनचं वेळापत्रक लावू नये. हायकू आणि रिॲक्टओएस या लिनक्सपेक्षा वेगळ्या, छोट्या ऑपरेटिंग सिस्टिम. हायकूचं बीटा 4 डिसेंबर 2022 मध्ये आलं, बीटा 5 सप्टेंबर 2024 मध्ये. रिॲक्टओएसचं 0.4.14 डिसेंबर 2021 चं, 0.4.15 मार्च 2025 चं. स्लॅकवेअर या जुन्या लिनक्स वितरणाच्या 14.2 आणि 15.0 यांच्यात तर 2016 ते 2022 एवढं अंतर होतं, पण जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे पॅच येत होते.

अंतरापेक्षा आम्हाला खटकतं ते दुसरंच. मुख्य पानावर तीन वर्षांपूर्वीची आयएसओ असते, आणि गप्पांत कुणीतरी सांगतं की ‘ती नको, रात्री आपोआप बनलेली घ्या, त्यात तो दोष नाही.’ नव्या माणसाला हे कसं कळणार? अशा प्रकल्पांनी वर्षातून दोनदा एखादी चांगली चाललेली रात्रीची बिल्ड निवडावी, चारपाच मशीनवर घालून पाहावी आणि माहीत असलेल्या दोषांच्या यादीसह मुख्य पानावर ठेवावी. नवी वैशिष्ट्यं नसली तरी चालेल.

फेडोराच्या स्वयंसेवकांनी बनवलेल्या ताज्या आयएसओ घ्याव्यात का?

नेट कमी असेल तर घ्या. त्या अधिकृत नाहीत एवढं लक्षात ठेवा, आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते ओळखायचा आकडा) तपासा.

डेबियन 12.11 चालू आहे, 12.12 आलं. नव्याने इन्स्टॉल करू?

नको. नेहमीचं अपडेट केलंत की तुम्ही 12.12 वरच आहात.

जुनी पेनड्राइव्ह परवापर्यंत बूट होत होती. आता ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणते.

बूटलोडरमध्ये (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) दोष सापडले की जुने बूटलोडर सिक्युअर बूटच्या यादीतून बाद केले जातात. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने अशी बाद यादी मशीनमध्ये घातली. दोन्ही सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागू होणार नाही असं म्हटलं होतं, तरी अनेकांना झाली. विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवलेली मशीन अडली आणि जुन्या आयएसओच्या पेनड्राइव्हही.

नवी आयएसओ उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा, बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद करणार असाल तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही बसाल शोधत. अडीच-तीन वर्षांपूर्वीच्या पेनड्राइव्हवर विसंबू नका असं आम्ही सांगतो त्यामागचं मोठं कारण हे.

शाळेत 32 बिटची मशीन आहेत. डेबियन 13 ची आयएसओ सापडत नाही.

नाहीच ती. डेबियन 13 मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही; 12 हा शेवटचा. पण आधी मशीन खरंच 32 बिटचं आहे का बघा. पूर्वी 32 बिट विंडोज घातलं होतं म्हणून प्रोसेसरही तसाच असं नसतं. लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा चालवली की कळतं. खरंच 32 बिट निघालं तर डेबियन 12 ची शेवटची पॉइंट आयएसओ जपून ठेवा. त्याला दीर्घ मुदतीचा आधार जून 2028 पर्यंत आहे.

मित्राने दिलेली आयएसओ आहे. चेकसम तपासायलाच हवा?

हो, आणि चेकसमच्या फाइलची सहीसुद्धा. 20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला करून 17.3 सिनॅमनचा दुवा चोरदरवाजा असलेल्या आयएसओकडे वळवला होता. पान बदलू शकणारा त्याच पानावरचा चेकसमही बदलू शकतो. सही मात्र प्रकल्पाच्या खाजगी किल्लीशिवाय बनत नाही.

एक लॅब, नेट तोकडं. कमीत कमी डाउनलोडमध्ये कसं करायचं?

नेटइन्स्ट आयएसओ छोटी, एक जीबीच्या आत, पण उरलेलं सगळं ती प्रत्येक मशीनवर नेटवरून ओढते. अनेक मशीनसाठी तो आतबट्ट्याचा व्यवहार. पूर्ण डीव्हीडी आयएसओ एकदाच शहरातून, शक्यतो टॉरेंटने, उतरवून न्या. ताज्या पॉइंट रिलीजची घेतली की अपडेट थोडकीच उरतात. त्यासाठी लॅबमधल्या एका मशीनवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ घाला आणि बाकीच्यांना त्याच्याकडे वळवा. प्रत्येक पॅकेज बाहेरून एकदाच येतं. जुनी आयएसओ जवळ असेल तर ‘जिगडो’ तिच्यातल्या न बदललेल्या फाइली वापरून नवी जुळवतो आणि फक्त फरक उतरवतो. वापरायला किचकट आहे, पण हॉटस्पॉटवर असताना कामाचा.

आम्हाला प्रोग्रामिंग येत नाही. काही मदत करता येईल?

नव्या आयएसओंचा वेग माणसांच्या तपासण्यावर ठरतो, त्यामुळे येईल. विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या गोवा सरकारच्या सायबरएज योजनेच्या काळातला एखादा संगणक घरी धूळ खात असेल तर पॉइंट रिलीज आलं की त्यावर इन्स्टॉल करून पाहा. काय चाललं, काय नाही, ते डेबियनच्या ‘इन्स्टॉलेशन-रिपोर्ट्स’ या नावाखाली इमेलने कळवता येतं. सगळं नीट झालं तरी कळवा. मशीनचं मॉडेल, कुठली आयएसओ, कुठल्या पायरीवर अडलं, एवढं पुरे.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही चालतो. सुरुवातीला ग्राफिकल इन्स्टॉल निवडावा लागतो. एखादं वाक्य चुकीचं किंवा तुटक वाटलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा. भाषांतराच्या दुरुस्त्या मुख्य आवृत्तीच्या आधी पाठवलेल्या बऱ्या, कारण पॉइंट रिलीजमध्ये अशा किरकोळ बदलांना सहसा जागा मिळत नाही.